फक्त लाकडासाठी

पितळेच्या एका कड्याला एक चीर पाडायची होती. रुंदी दोन मिलिमीटर. लांबी माझ्या करंगळीच्या पहिल्या पेराइतकीही नाही. या चिरेपायी सोसायटीच्या दफ्तरी माझ्या नावाने फाइल उघडली जाईल आणि त्या फाइलवर क्रमांक एक असेल, म्हणजे सोसायटीच्या इतिहासातली ती पहिलीच, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी पितळेला हातही लावला नसता. निदान बायकोला मी असं सांगतो.

आमच्या मागच्या बाल्कनीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, माझा एक छोटा लेथ आहे. धातूचा तुकडा गरगर फिरवायचा आणि हत्यार लावून त्याला आकार द्यायचा, याला लेथ म्हणतात. बायको त्याला 'तुमचं ते' म्हणते. 'तुमचं ते जरा सरकवा, बादली काढायची आहे.' मी नोंदणी कार्यालयात कारकून आहे. दिवसभर मी जे करतो त्याचा कागदच होतो, म्हणून संध्याकाळी अर्धा तास तरी हाताला जड लागेल असं काहीतरी करावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. दोन वर्षांत त्या लेथवर मी एक कपाटाची मूठ, एक भोवरा आणि एक कशाचाच नसलेला भाग बनवला होता.

कडं हवं होतं सासूबाईंच्या सूक्ष्मदर्शकासाठी. सासूबाईंनी मुलींच्या एका शाळेत एकतीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली. शाळेने नवी उपकरणं घेतली तेव्हा जुनं पितळी सूक्ष्मदर्शक भंगारात निघालं होतं, ते त्यांनी रीतसर अर्ज करून मागून घेतलं. त्याची नळी वर-खाली सरकते आणि एक चिरलेलं कडं तिला जागेवर धरून ठेवतं. कड्याचा स्क्रू आवळला की चीर मिटते आणि कडं नळीला घट्ट मिठी मारतं. ते कडं तडकलं होतं. नळीवरचा हात काढला की ती थेट खाली येऊन काचेवर आदळायची.

सासरे गेल्यानंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, त्याला आठ महिने झाले होते. पूर्वी ही बाई दर दोन वाक्यांनी 'का' विचारायची. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा माझा पगार बाजूला राहिला आणि त्यांनी मला विचारलं होतं की साबण हिरवा असला तरी फेस पांढराच का होतो. मला सांगता आलं नाही. तरी लग्न झालं. पण आमच्याकडे आल्यापासून त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता. चहा करू? चालेल. खिडकी बंद करू? चालेल. की उघडीच राहू दे? चालेल. एके दिवशी बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. आई घरात आहे पण नाहीच आहे, असं काहीतरी म्हणाली आणि नळ सोडून भांडी धुवायला लागली. ती भांडी आधीच धुतलेली होती. सांत्वन करण्यात मी अगदीच कच्चा. म्हणून मी म्हणालो, मी त्यांचं ते सूक्ष्मदर्शक दुरुस्त करून देतो.

असं बोलणाऱ्या माणसाला घरच्यांनी तिथल्या तिथे आवरलं पाहिजे. बायकोने माझ्याकडे इतक्या आशेने पाहिलं की माझी माघारीची वाटच बंद झाली.

हार्डवेअरच्या दुकानात पितळी दांड्याचा एकच तुकडा होता. त्यातून तीन कडी निघाली. पहिल्याचं भोक मोठं झालं. दुसरं उत्तम जमलं, आणि चीर पाडायला मी लोखंड कापायची साधी करवत घेतली. करवत वरून निघाली ती नाकासमोर, पण खाली पोचेपर्यंत तिचा विचार बदलला. ती चीर पाहून बायको म्हणाली की छान आहे, नदीसारखी आहे. तिसरं कडं सगळ्यात सुबक निघालं. नळीवर ते असं सरकायचं की आत कोंडलेली हवा हलका सुस्कारा टाकायची. ते कडं मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. ऑफिसात टेबलावर ठेवून पाहिलं. त्याला नदी परवडणारी नव्हती.

धातूला सरळ चीर पाडायची खास गोल पाती मिळतात, पण दुकानदार म्हणाला की ती मागवावी लागतील, एकटं पातं येत नाही, अख्खं खोकं येतं, आणि खोकं कधी येतं ते खोक्यालाच माहीत. मग त्याने मागच्या फळीवरून सुतारकामाचं एक गोल पातं काढलं. अगदी स्वस्तातलं. पोलादी तबकडी, कडेला तीस दात, आणि प्रत्येक दाताच्या टोकाला कार्बाइडचा करडा, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा झाळून बसवलेला. त्याचं म्हणणं असं की कारखान्यात पोलाद कापतात ते कार्बाइडनेच. इथेही कार्बाइडच आहे. मग पितळ का नाही कापणार?

पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'फक्त लाकडासाठी'. मी ते त्याला दाखवलं. तो म्हणाला, दाताला वाचता येत नाही.

वाक्य विनोदी होतं, पण मी रस्ताभर त्याचाच विचार करत आलो. सत्तावीस वर्षं मी अशा कचेरीत काढली आहेत जिथे वस्तू म्हणजे तिच्यावर जे लिहिलंय ते. घर समोर उभं असलं तरी कागदावर शेत असेल तर ते शेत. आणि इथे हातात एक पातं, ज्याच्या पाकिटाचं म्हणणं एक आणि दाताचं म्हणणं बहुधा दुसरं. खरं कोण बोलतंय, हे बघायची मला अनावर इच्छा झाली. कड्याचं निमित्त मागे पडलं ते बहुधा तिथेच.

पातं लेथवर बसवायला एक दांडा बनवावा लागला. तो जमला. दांडा फिरणार, त्यावर पातं फिरणार, आणि समोरच्या सरकत्या पाटावर लाकडाच्या दोन तुकड्यांत पकडलेलं कडं मी हळूहळू पात्याकडे नेणार, अशी योजना. पहिल्या प्रयत्नात मी पातं उलटं बसवलं. दात पाठीमागे वळलेले. त्यांनी पितळाला कापलं नाही, नुसतं घासलं, आणि त्यातून जो आवाज निघाला तो ऐकून समोरच्या इमारतीतल्या तीन खिडक्या उघडल्या आणि आमच्याच खालच्या मजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी जिना चढून वर आले.

सेक्रेटरी रागावून आले नव्हते, हे मी न्यायाने सांगितलं पाहिजे. ते सल्ला द्यायला आले होते. त्यांचा सगळा जन्म एका कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यात गेला. यंत्रं त्यांनी हजारोंनी पाहिली, पण सगळी खोक्यात बंद. त्यांनी कमरेवर हात ठेवून लेथकडे पाहिलं आणि सांगितलं की पातं उलटं आहे. ते बरोबर होतं. मग म्हणाले की सुताराचं पातं मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेतं, तुमचं हे रांगतंय, वेग पूर्ण सोडा. माझा लेथ जास्तीत जास्त अडीच हजार फेऱ्यांपर्यंत जातो. एक सल्ला बरोबर निघाला की माणूस दुसऱ्यावर आपोआप विश्वास ठेवतो. ते खाली गेले, आणि मी पातं सुलट बसवून वेगाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

पुढचं सगळं एका क्षणात झालं, त्यामुळे क्रम नक्की सांगता येणार नाही. एक 'टण्' असा आवाज झाला. लाकडाचे दोन तुकडे दोन दिशांना गेले. एक कपडे धुण्याच्या मशीनवर आपटला. माझ्या हातात, डोक्यात, कानात काही लागलं नाही, हे मी तपासून पाहिलं. आणि कडं कुठेच नव्हतं. बाल्कनीची खिडकी उजेडासाठी उघडी होती.

खाली सेक्रेटरी आपल्या बाल्कनीत पेपर वाचायला नुकतेच बसले होते. कडं त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर कुंडीत पडलं आणि मातीत निम्मं रुतलं. त्यांना आधी वाटलं विमानातून काहीतरी पडलं. विमान दिसेना, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. मी खिडकीतून खाली पाहत होतो.

संध्याकाळी लेखी नोटीस आली. निवासी इमारतीत यंत्रसामग्री बसवणे, कर्कश आवाज करणे आणि धातूची वस्तू वेगाने फेकणे, अशी तीन कलमं. सात दिवसांत खुलासा. तोपर्यंत यंत्र बंद. मी त्याच दिवशी खुलासा लिहिला. तसा मजकूर लिहिण्यात माझी हयात गेली आहे. त्यात मी नम्रपणे निदर्शनास आणलं की सदर वस्तू आपल्याच तोंडी सूचनेनुसार वाढवलेल्या वेगामुळे आपल्याकडे आली. बायकोने तो वाचून म्हटलं की हे देऊ नका. मी दिला.

उत्तरादाखल एक छापील अर्ज आला. त्यात यंत्राचा प्रकार आणि प्रयोजन तर होतंच, शिवाय वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची संमती हवी होती. खालचे शेजारी म्हणजे सेक्रेटरी. पुढे 'यंत्र धोकादायक नसल्याचा दाखला' असा रकाना होता आणि तो कोणाकडून आणायचा ते लिहिलं नव्हतं. चौकशीला गेलो तेव्हा सेक्रेटरी म्हणाले की तीन प्रतींत द्या आणि डावीकडे समास सोडा. माझ्या खिडकीवर येणाऱ्या माणसांना मी हेच आणि याच आवाजात सांगत आलो आहे. ते ऐकताना त्यांचा चेहरा कसा होत असेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा आतून कळलं.

आणि कडं? कडं त्यांनी परत दिलं नाही. ते पुरावा होतं. पाकिटात घालून, पाकिटावर क्रमांक टाकून त्यांनी ते कपाटात ठेवलं. पितळेचा दुसरा तुकडा दुकानात नव्हता.

दुकानदाराला थोडं अपराधी वाटलं असावं. त्याने मला मागच्या गल्लीतल्या एका टर्नरकडे पाठवलं. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. त्याचा लेथ आमच्या दिवाणखान्यापेक्षा लांब. मी पातं दाखवलं, सगळी हकिकत सांगितली. तो हसेल, याची मी मनाशी तयारी ठेवली होती. तो हसला नाही. पातं उजेडाकडे धरून त्याने अंगठा दातांवरून उलट्या बाजूने फिरवला आणि विचारलं की चाललं होतं का, उडायच्या आधी. मी म्हणालो, केसभर गेलं होतं आत. तो म्हणाला, म्हणजे कापतंय.

मग त्याने मला अशी गोष्ट सांगितली जी पाकिटावर नव्हती. "लाकडाचा दात पुढे झुकलेला असतो. पितळ अशा दाताला आत ओढून घेतं, मग सोडत नाही. डायमंडची बारीक कानस घ्या, दाताच्या टोकाला जरासा सपाटपणा द्या. जरासाच. आणि सावकाश फिरवा, इतकं सावकाश की तुम्हालाच कंटाळा येईल." कानस त्याने स्वतःची दिली, आणि परत आणताना पातंही आणा, मला बघायचंय, असं म्हणाला. चाळीस वर्षांत त्याने हे करून पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर पातं ठेवून दात घासायला बसलो. एकेक दात, दोनदा कानस, पुढचा दात. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. माझ्याकडे बघत होत्या की माझ्या पलीकडच्या भिंतीकडे, हे आठ महिन्यांत आम्हाला सांगता आलं नव्हतं. मी मोजत होतो आणि मोजणी चुकत होती, कारण तीस दातांचे एकोणतीसच भरत होते. एका जागी नुसती रिकामी खोबण होती. एक दात त्या दिवशी कड्याबरोबरच गेला होता.

"हा एकच का गेला?" सासूबाईंनी विचारलं.

स्वयंपाकघरातला खडखडाट थांबला. बायको झाकण हातात धरून दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

मी म्हणालो, माहीत नाही. माझ्या आयुष्यात मी दिलेलं ते सगळ्यात उपयोगी उत्तर असावं. उत्तर माहीत असतं तर सासूबाई परत भिंतीकडे वळल्या असत्या. त्या उठल्या, टेबलापाशी आल्या, खुर्ची ओढली आणि पातं आपल्याकडे घेतलं. पात्याचा व्यास किती, लेथचे फेरे किती, हे विचारलं. जवळ कागद नव्हता म्हणून सोसायटीची नोटीस उलटी करून त्यावर गुणाकार मांडला आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या की जावईबापू, तुम्ही ताशी बावन्न किलोमीटरच्या वेगाने ते दात पितळावर आपटलेत. दीडशे फेऱ्यांवर आणलंत तर ताशी तीन होतील. म्हणजे गुडघा दुखत नसेल तेव्हा मी चालते तेवढे.

यानंतर माझ्या हातात फारसं काही राहिलं नाही. मी घासलेले दात त्यांनी भिंगाखाली तपासले आणि अकरा नापास केले. मी ते पुन्हा घासले. कड्याची पकड पाहून त्यांनी विचारलं की दोन लाकडांत दाबून धरलं होतं, म्हणजे आतून आधार काहीच नव्हता? नव्हता. मग कडं दबलं असणार, चीर मिटली असणार आणि दात अडकला असणार. कड्याच्या आत घट्ट बसेल असा गोल लाकडी ठोकळा बनवायला सांगितला. लेथ बंद, म्हणून चाकूने तासून बनवला. जुन्या पेटीतून त्यांनी प्रयोगशाळेतले दोन संरक्षक चष्मे काढले, बाजूंना पडदे असलेले. एक स्वतः लावला, एक मला दिला. बायकोने विचारलं की मला? त्या म्हणाल्या, तू दाराबाहेरून बघ.

सगळं तयार झालं, पण कडं पुराव्यात अडकलेलं. सासूबाई म्हणाल्या की मी बोलते. गुडघ्यामुळे त्या आठ महिन्यांत जिना उतरल्या नव्हत्या. एकेक पायरी करत उतरल्या. मागे मी. सेक्रेटरींनी दार उघडलं तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. सासूबाईंनी आधी कुंडी बघायला मागितली. कडं किती खोल रुतलं होतं, कुठल्या बाजूने आलं, खुर्ची कुठे होती, हे सगळं विचारलं. सेक्रेटरींना त्या प्रसंगाबद्दल इतक्या आस्थेने अजून कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी खुर्चीत बसून दाखवलं. पेपर कसा धरला होता तेही दाखवलं.

मग सासूबाईंनी कड्याची मागणी केली, तसे सेक्रेटरी परत सेक्रेटरी झाले. पुराव्यात फेरफार करता येणार नाही म्हणाले.

"फेरफार नाही, तपास," सासूबाई म्हणाल्या. "ते उडालं, याचा तो पुरावा आहे. पण का उडालं हे तुम्ही अजून कुठे बघितलंय? वर या. तुमच्या डोळ्यांसमोर चालवू. आवाज मोजा, वही आणा, पाकीट तुमच्याच हातात ठेवा."

तपास हा शब्द सेक्रेटरींना आवडला होता, हे चेहऱ्यावर दिसत होतं. नियमात पाहणी बसते असं म्हणाले आणि बुधवारी संध्याकाळी पाच वाजता पाहणी ठरली. मी अर्धी रजा टाकली. रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचं यावर मी बराच वेळ थांबलो आणि शेवटी 'कौटुंबिक' असं लिहिलं.

बुधवारी सेक्रेटरी वही, पाकीट आणि फोनमध्ये आवाज मोजायची सोय घेऊन आले. बाल्कनीत चौघांना जागा नव्हती. सासूबाईंनी मला लेथच्या बटणापाशी उभं केलं, स्वतः सरकत्या पाटाच्या चाकापाशी स्टुलावर बसल्या आणि माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढून सेक्रेटरींना दिला. मी माझा साधा चष्मा लावून मागे सरकलो. खिडकी बंद केली. कडं पाकिटातून बाहेर आलं, त्याच्यावर कुंडीतली माती अजून होती. सेक्रेटरींनी वहीत नोंद केली, 'वस्तू सुस्थितीत'.

दीडशे फेऱ्यांवर पातं फिरताना दिसतं. दात वेगवेगळे ओळखू येत नाहीत, पण रिकामी खोबण येताना-जाताना कळते. सासूबाईंनी चाक केसभर फिरवलं. बायकोने माझा शर्ट मागून धरला होता. पात्याने पितळाला स्पर्श केला आणि एक बारीक गुणगुण सुरू झाली, आणि पात्याच्या बुडाशी सोनेरी कीस पडायला लागला. सुया नाहीत, ठिणग्या नाहीत, साखरेसारखा कीस. ते कापत होतं. पाकिटाचं म्हणणं काही असो, ते लोण्यात सुरी जावी तसं निवांत कापत होतं.

सेक्रेटरी फोनकडे पाहायचे विसरले होते. मी आठवण करून दिली. आकडा पाहून त्यांनी फोन हलवला, पुन्हा पाहिला. त्यांच्या घरातला मिक्सर याच्या दुप्पट ओरडतो, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही.

तेवढ्यात सासूबाईंनी हात वर केला. मी घाबरून लेथ बंद केला. सेक्रेटरी दाराला टेकले. पण झालं काहीच नव्हतं. त्या म्हणाल्या, मधे एक ठोका येतोय, ऐकलात का? मी पुन्हा चालू केला आणि आम्ही चौघं कान देऊन उभे राहिलो. खरंच, त्या गुणगुणीत नेमाने एक बारीक धक्का होता. सेकंदाला अडीच, सासूबाईंनी मोजलं. म्हणजे दर फेऱ्याला एक. पडलेल्या दाताचं काम त्याच्या मागच्या दाताला करावं लागत होतं, आणि तो दुप्पट घास घेताना ठेचकाळत होता. आमच्या कचेरीत आवक विभागाची जागा चार वर्षं रिकामी आहे आणि माझं टेबल तिच्या लगेच मागे आहे. त्या दाताबद्दल मला जे वाटलं ते मी बोलून दाखवलं नाही.

सात मिनिटांत चीर आरपार झाली. सरळ. नदीचा मागमूस नाही. मी कड्याला स्क्रूचं भोक पाडलं, आटे पाडले, आणि हे काम मी खरंच चांगलं केलं. पण त्या वेळी सासूबाई आणि सेक्रेटरी पाकिटावरचा बारीक मजकूर वाचत होते, त्यामुळे ते कोणी पाहिलं नाही.

कडं सूक्ष्मदर्शकावर चढवलं. सासूबाईंनी स्क्रू आवळला, नळी वर नेली आणि खाली हात धरून हळूच सोडली. नळी जागेवर राहिली. त्यांनी तो खालचा हात बराच वेळ तिथेच ठेवला. मग काढून घेतला. नळी राहिली.

मला वाटलं आता त्या माझ्याकडे बघतील. त्यांनी पातं मागितलं. रिकामी खोबण सूक्ष्मदर्शकाखाली धरली, खिडकीकडे वळून उजेड घेतला आणि एका डोळ्याने इतका वेळ पाहिलं की सेक्रेटरी एका पायावरून दुसऱ्या पायावर आले. मग त्यांनी सांगितलं की झाळ अर्ध्याच जागेला लागली होती. उरलेल्या अर्ध्यात काळं आहे, तिथे दात कधी चिकटलाच नव्हता. तो कारखान्यातूनच सैल आला होता. सेक्रेटरींनी वाकून पाहिलं, मग मी पाहिलं. खरं होतं. म्हणजे दोष सर्वस्वी माझा नव्हता. ही बाब वहीत नोंदवून घ्यावी, अशी मी विनंती केली. सेक्रेटरी म्हणाले की ती पाहणीच्या कक्षेत येत नाही.

बायकोने दारातून विचारलं की आई, चहा टाकू?

"आत्ता नको," सासूबाई नळीवरचा डोळा न काढता म्हणाल्या. "दहा मिनिटांनी टाक. आणि मला साखर कमी."

बायको माझ्या कानाशी आली. "नको म्हणाली," ती कुजबुजली, आणि लगबगीने आत निघून गेली. थोड्या वेळाने मी आत गेलो तेव्हा ती धुतलेली भांडी पुन्हा धूत होती आणि हसत होती.

सोसायटीचं परवानगीपत्र शनिवारी आलं. रीतसर, शिक्क्यासह. कामाच्या वेळा, बंद खिडकी, दीडशेच्या आतले फेरे, सगळं नमूद. 'यंत्रचालक' या रकान्यात सासूबाईंचं नाव होतं. त्याखाली एक रकाना सेक्रेटरींनी हाताने आखून वाढवला होता, 'सहायक, लागल्यास', आणि त्यात मी होतो. लेथ माझा आहे, हे मी त्यांच्या नजरेस आणलं. ते म्हणाले की मालकीचा रकानाच अर्जात नाही, हवा असेल तर दुरुस्तीसाठी नवा अर्ज करा, तीन प्रतींत.

मंगळवारी मी ऑफिसातून आलो तर घरात कोणी हाक मारली नाही. मागच्या बाजूने गुणगुण येत होती, पण पितळाची नव्हे. जाड, घोगरी, दमाने चाललेली. बायकोने ओठांवर बोट ठेवलं आणि सांगितलं की फाटकाची कडी तुटून वर्ष झालंय, सेक्रेटरी तिच्या मापाची लोखंडी पट्टी घेऊन आलेत, आणि आईला पोलाद कापतं का ते बघायचंय. शंभर फेऱ्यांवर ठेवलंय. आत्ता बोलू नका.

मी डबा हातात धरूनच दारात गेलो. दोघांची पाठ माझ्याकडे. दोघांच्या डोळ्यांवर चष्मे. सेक्रेटरी बटणापाशी, म्हणजे माझ्या जागेवर, आणि इतके सावध उभे की जणू हाताखालून माल निसटून जाईल. लोखंडात पातं निम्मं उतरलं होतं आणि पाटावर निळसर कीस साचला होता. तो निळा का, हे मला माहीत नव्हतं. विचारावंसं वाटलं, पण विचारायची ती वेळ नव्हती.

माझी चाहूल लागली असावी. सासूबाईंनी मान न वळवता मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि हात मागे केला.

"जावईबापू, मिनिटाला किती खाली जातंय ते हवंय. तुम्ही वेळ धरा."

मी डबा खाली ठेवला, घड्याळ घेतलं आणि सेकंदकाटा बारावर यायची वाट बघत उभा राहिलो.